विचारलंस तर सांगेन

२०२३ची दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली होती. ९ तारखेला वसुबारस, १२ला लक्ष्मीपूजन. ७ तारखेच्या मंगळवारी मी माळ्यावर चकलीचा सोऱ्या शोधत होते आणि पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, आलं!" मला वाटलं, मी पाठवलेला चिवड्याचा डबा पोचला. डबा कसला! रिबेका यारोस या अमेरिकन लेखिकेचं 'आयर्न फ्लेम' तिच्या किंडलवर उतरलं होतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची ही मुलगी पुढचे दोन दिवस कोणाच्या हाती लागली नाही. ऐन वसुबारसेला दुसरा फोन. आवाज पडलेला. "वाचलं. आवडलं. म्हणजे... नाही आवडलं गं. पण तिसरं कधी येणार?"

त्या 'म्हणजे'नंतर ती जी थांबली, तिथून हा लेख सुरू होतो. पुढे 'आयर्न फ्लेम' आणि त्याच्या आधीचं 'फोर्थ विंग' या दोन्ही पुस्तकांची गुपितं फुटणार आहेत, हे आधीच सांगते. ज्यांना कोऱ्या मनाने वाचायचं असेल त्यांनी सरळ पानं उलटून पुढच्या कथेकडे जावं. दिवाळी अंकात तेवढी सोय असतेच.

ड्रॅगनस्वारांच्या गोष्टींचा तो मोठाच दिवस होता. ख्रिस्तोफर पाओलिनी याचं 'मर्टाग'ही त्याच ७ नोव्हेंबरला बाजारात आलं. 'एरागॉन'पासून सुरू झालेली त्याची मूळ मालिका २०११मध्ये संपली होती. बारा वर्षांनी तो त्या जगातली नवी कादंबरी घेऊन परतला. यारोसबाई परतल्या सहा महिन्यांत. 'फोर्थ विंग' २ मे २०२३चं, 'आयर्न फ्लेम' ७ नोव्हेंबरचं, आणि तेही सहाशेवर पानांचं. अमेरिकेत आदल्या रात्री पुस्तकांची दुकानं बारा वाजेपर्यंत उघडी ठेवली होती, मुलींनी काळे पोशाख घालून रांगा लावल्या होत्या. हॅरी पॉटरच्या वेळी आपण हे पाहिलं आहे. फरक एवढाच की या रांगेतल्या बहुतेक जणी लहान नव्हत्या. पॉटरच्या रांगेत आईचं बोट धरून उभ्या राहिलेल्याच आता नोकरीवरून थेट इथे आल्या होत्या.

हे पुस्तक मुलांसाठी नाही, हे सांगितलेलं बरं. मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे म्हणून सातवीतल्या नातीला भेट दिलं, असा एक प्रकार आमच्या ओळखीत झाला आहे. आत शिव्या आहेत, रक्त आहे आणि शय्याप्रसंग चांगले पानभर चालतात. प्रेमकथा आणि अद्भुतकथा यांच्या या मिश्रणाला इंग्रजीत 'रोमँटसी' असा जोडशब्द रूढ झाला आहे. सारा जे. मास यांच्या २०१५पासून येत गेलेल्या पुस्तकांनी ही वाट रुंद केली आणि टिकटॉकवरच्या वाचकांनी तिच्यावर डांबर घातलं. टिकटॉक आपल्याकडे जून २०२०पासून बंद. त्यामुळे ही लाट आपल्याकडे इन्स्टाग्रामच्या रील्समधून, थोडा वळसा घेऊन आली. पण आली. मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर मी 'फोर्थ विंग'ची पातळ कागदाची, शाई हाताला लागणारी चोरटी प्रत पाहिली, तेव्हा पुस्तक खरंच पोचलं याची खात्री पटली. आपल्याकडे लोकप्रियतेचं ते अधिकृत प्रमाणपत्र आहे.

पहिल्या पुस्तकाची गोष्ट अशी. नवार नावाच्या राज्यात बासगायथ ही युद्धशाळा आहे. तिच्या चार शाखा: लेखनिक, उपचारक, पायदळ आणि ड्रॅगनस्वार. व्हायलेट सॉरेनगेल ही वीस वर्षांची मुलगी लेखनिक व्हायचं म्हणूनच वाढलेली आहे. वडील ग्रंथागारातले, आता हयात नाहीत. आई सैन्यात जनरल. ऐन वेळी आईचा हुकूम सुटतो: तू स्वारांच्या शाखेतच जायचं. प्रवेशपरीक्षा म्हणजे जेमतेम दीड फूट रुंदीची, बाजूला कठडा नसलेली दगडी पट्टी. खाली खोल दरी. चालत पलीकडे पोचलात तर विद्यार्थी, पडलात तर मृतांच्या यादीत एक नाव. शाळेत टिकलं तर ड्रॅगन निवड करतो. माणूस ड्रॅगन निवडत नाही, ड्रॅगन माणूस निवडतो. व्हायलेटला एक नाही, दोन ड्रॅगन मिळतात. काळा, अवाढव्य, कायम वैतागलेला टेर्न आणि सोनेरी, पोरवयाची अँडार्ना. शिवाय झेडन रायोर्सन आहेच. फसलेल्या बंडाच्या पुढाऱ्याचा हा मुलगा. त्याच्या बापाला मृत्युदंड झाला तो व्हायलेटच्या आईच्या देखरेखीखालीच. म्हणजे प्रेम होणार हे तिसऱ्या पानावर कळतं आणि कसं होणार यासाठी पाचशे पानं वाचायची.

व्हायलेटचे सांधे निखळतात. खांदा, गुडघा, मनगट, काहीही, कधीही. पुस्तकात आजाराचं नाव दिलेलं नाही. पण यारोस यांना स्वतःला एलर्स-डॅनलॉस सिंड्रोम हा संयोजी ऊतींचा आनुवंशिक विकार आहे आणि नायिकेला त्यांनी तोच दिला, हे त्या उघडपणे सांगत आल्या आहेत. पहिल्या पुस्तकातलं मला सगळ्यात आवडलेलं दृश्य चुंबनाचं नाही, खोगिराचं आहे. बाकीचे स्वार ड्रॅगनच्या पाठीवर विनाखोगीर, केवळ मांड्यांच्या जोरावर बसतात. व्हायलेटला ते जमत नाही, ती घसरत राहते. झेडन तिच्यासाठी खोगीर करवून आणतो. तिला आधी अपमान वाटतो, मग ती बसते आणि मग तिला उडता येतं. 'तू कमी आहेस' आणि 'तुला वेगळी सोय लागते' या दोन वाक्यांतलं अंतर इतक्या थोड्या जागेत दाखवलेलं मी फार कमी ठिकाणी वाचलं आहे.

बाईंचं आयुष्यही इथे थोडं ध्यानात घ्यावं लागतं. आई-वडील दोघंही अमेरिकी लष्करात. नवरा लष्करी हेलिकॉप्टरचा पायलट, आता निवृत्त. इराक आणि अफगाणिस्तानच्या काळातली नोकरी म्हणजे घरी कमी आणि मोहिमेवर जास्त. सहा मुलं, घर कोलोरॅडोत. ड्रॅगनकडे वळण्याआधी डझनभराहून जास्त प्रेमकादंबऱ्या त्यांच्या नावावर होत्या आणि त्यांतल्या कितीतरी सैनिकांच्या होत्या. त्यामुळे ड्रॅगन हे त्यांच्यासाठी पौराणिक जनावर नाहीच. ते हेलिकॉप्टर आहे. तुकड्या, विंगा, पोस्टिंग, सुट्टीचा अर्ज, वरून आलेला हुकूम, सकाळी वाचून दाखवली जाणारी मृतांची नावं हे सगळं त्यांना कल्पनेने रचावं लागलेलं नाही.

आता दुसरं पुस्तक.

पहिल्याच्या शेवटी व्हायलेटला कळतं की आपलं राज्य आपल्याशीच खोटं बोलत आलं आहे. सीमेपलीकडचा शत्रू म्हणून ज्यांना मारायला शिकवलं ते खरे शत्रू नव्हेत. जमिनीतली शक्ती शोषून घेणारे 'वेनिन' खरोखर आहेत. आजीच्या गोष्टीतले म्हणून ज्यांना हसण्यावारी नेलं, तेच. झेडनला हे आधीपासून माहीत होतं आणि त्याने ते सांगितलेलं नाही. मेलेला म्हणून ज्याचा शोक केला तो भाऊ जिवंत आहे. एवढ्या मोठ्या स्फोटानंतर वाचक मे महिन्यात पुस्तक मिटतो आणि नोव्हेंबरपर्यंत नखं खातो.

आणि नोव्हेंबरमध्ये त्याला काय मिळतं? भांडण.

मी गंमत करत नाही. 'आयर्न फ्लेम'चा मोठा भाग दोन प्रेमिकांच्या एकाच भांडणाने व्यापला आहे. ती म्हणते, तू माझ्यापासून लपवलंस, आता सगळं सांग. तो म्हणतो, तू विचारशील त्या प्रश्नाचं खरं उत्तर देईन. ती म्हणते, जे ठाऊकच नाही ते विचारणार कसं? तो म्हणतो, माझ्यावर विश्वास ठेव. हेच संवाद कधी शयनगृहात, कधी ड्रॅगनच्या पाठीवर, तर कधी कैदखान्यातून सुटल्यावर ऐकू येतात. चौथ्या वेळी मी पुस्तक उशीशेजारी पालथं घातलं आणि म्हटलं, बयो, एक यादी कर प्रश्नांची आणि दे त्याच्या हातात.

दिवाळीनंतर पुण्याला गेले तेव्हा भाचीच्या होस्टेलवरच्या मैत्रिणी भेटल्या. चौघी होत्या. एव्हाना एक छापील प्रत सहा जणींच्या हातांतून गेली होती आणि तिचा कणा कॉलेजच्या झेरॉक्ससारखा सुटा झाला होता. चौघींनाही पहिलं पुस्तक जीव की प्राण. दुसऱ्याचं नाव काढताच सगळ्या एकदम बोलू लागल्या. एकीचं म्हणणं, कॅट नावाची झेडनची जुनी वाग्दत्ता आणली ती निव्वळ मत्सरासाठी, आपल्या सीरियलमध्ये नवऱ्याची जुनी मैत्रीण येते तशी. दुसरी फिजिओथेरपी शिकणारी. तिला निखळलेल्या खांद्याचा राग होता. "पहिल्या पुस्तकात दुखायचं तर दिवसभर दुखायचं. इथे खांदा खटकन बसवतात आणि पुढच्या पानावर ही तलवार चालवते." तिसरीला नावं लक्षात राहत नव्हती. चौथी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण शेवटाला मी रडले ना. आईसाठी." बाकीच्या तिघी मान हलवून गप्प झाल्या.

तक्रार खरी, रडणंही खरं. दोन्ही एकाच पुस्तकातून आलेलं आहे आणि त्याचं कारण मला लेखिकेच्या आळसात नाही, जातकुळीच्या भांडणात दिसतं. प्रेमकथेला संपायचं असतं. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेने आपल्या प्रकाराची व्याख्याच अशी केली होती: मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. दोघं एकत्र आली की दिवा मालवायचा. अद्भुतकथेला उलट लांबायचं असतं. नकाशा काढला की त्यावरचं प्रत्येक गाव केव्हातरी लागलं पाहिजे. पाच पुस्तकांची मालिका ठरवून लिहायची आणि तिच्या केंद्रस्थानी एकच जोडपं ठेवायचं, म्हणजे या दोन ओढींच्या मधे उभं राहायचं. पहिल्या पुस्तकात ती दोघं एकत्र आली. आता उरलेल्या चार पुस्तकांत त्यांनी करायचं काय? संसार? वाचकाला तो नको असतो. मग ताटातूट हवी. ती बाहेरून आणली तर बरी, आतून आणली तर भांडण.

प्रेमकथेच्या धंद्याने यावर जुना तोडगा काढून ठेवला आहे. जोडपं बदला. जुलिया क्विन यांच्या ब्रिजर्टन घराण्यात आठ भावंडं आहेत आणि आठ कादंबऱ्या. एकेकाचं लग्न लागलं की तो कोपऱ्यात जाऊन बसतो आणि पुढचं भावंड बोहल्यावर. ड्रॅगनस्वारांच्या गोष्टींतही हे पूर्वी झालेलं आहे आणि ज्या बाईने केलं तिचं नाव या नव्या मुलींनी ऐकलेलं नसतं, म्हणून मला जरा थांबून सांगायचं आहे.

अ‍ॅन मॅकॅफ्री. ड्रॅगन आणि स्वार यांची मनं जुळतात, ड्रॅगनच माणसाला निवडतो आणि दोघं शब्दांवाचून बोलतात, ही कल्पना आज सगळ्यांना आकाशातून पडल्यासारखी वाटते. तिला आजचं रूप दिलं ते मॅकॅफ्री यांनी. १९६७च्या ऑक्टोबरात 'अ‍ॅनालॉग' या विज्ञानकथांच्या मासिकात त्यांची 'वेयर सर्च' ही दीर्घकथा आली. जॉन कॅम्बेल यांच्या संपादनाखालचं हे मासिक म्हणजे यंत्रं, ग्रह आणि इंजिनिअर पुरुषांचा अड्डा. तिथे या बाईने ड्रॅगन आणले, तेही विज्ञानाच्या परवान्यावर: पर्न हा परग्रह, ड्रॅगन तिथल्या छोट्या प्राण्यांपासून माणसांनीच पैदा केलेले. कथेला १९६८चं ह्यूगो पारितोषिक मिळालं. कथालेखनासाठी ते मिळवणारी ही पहिली स्त्री. त्याच साली 'ड्रॅगनफ्लाइट' ही कादंबरी झाली. नायिका लेसा, तिची सोनेरी राणी-ड्रॅगन रामोथ आणि कडक शिस्तीचा एफलार. रामोथ उडाली की माणसांचंही भान सुटतं, दोन ड्रॅगनांचं मीलन स्वारांना खेचून नेतं. आजच्या वाचकाला त्यातला बळजोरीचा वास खटकतो आणि खटकायलाच हवा. यारोस यांनी ही युक्ती उचलली, पण तिची नांगी काढली. टेर्न आणि झेडनची निळी ड्रॅगन स्गेल हे जोडीदार आहेत, त्यांची लाट व्हायलेट-झेडनपर्यंत येते. पण निर्णय माणसांच्या हातात राहतो.

मॅकॅफ्री यांचं दुसरं पुस्तक 'ड्रॅगनक्वेस्ट' तीन वर्षांनी, १९७१ साली आलं. मधल्या काळात घटस्फोट घेऊन, मुलांसह अमेरिका सोडून त्या आयर्लंडला जाऊन राहिल्या होत्या. आणि या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी काय केलं? लेसा आणि एफलारला राज्यकारभारात गुंतवलं आणि हृदय दुसऱ्या जोडप्याकडे सरकवलं. एफनोर आणि ब्रेकी. ब्रेकीची ड्रॅगन मरते तेव्हा वाचक हलतो, कारण तो या बाईला याच पुस्तकात भेटलेला असतो, शिळ्या प्रेमाचा निखारा फुंकत बसलेला नसतो.

यारोस यांनी हा तोडगा नाकारला. पाचही पुस्तकं त्याच दोघांची. धाडस म्हणून मला ते आवडतं. लग्नाच्या अक्षता पडल्यावर कॅमेरा बंद करणं सोपं असतं. पण धाडस केलं की निभवावं लागतं, आणि 'आयर्न फ्लेम' ते अर्धंच निभावतं.

बाहेरची ताटातूट त्यांना उत्तम जमली आहे. झेडनची पदवी झाली, त्याची नेमणूक सीमेवर. व्हायलेट अजून दुसऱ्या वर्षात. त्यांचे ड्रॅगन जोडीदार असल्यामुळे फार दिवस लांब राहू शकत नाहीत, म्हणून आठवड्याने एकाने दुसऱ्याकडे उडत जायचं. लांबचा प्रवास, थोडी झोप, थोडं प्रेम, परत. मग नवा उपप्रमुख व्हॅरिश येतो आणि तिची सुट्टी रद्द करतो, कारण सुट्टी हेच तिचं दुखरं ठिकाण आहे हे त्याने हेरलं आहे. ज्यांची माणसं सैन्यात आहेत त्यांना हे ड्रॅगनशिवायही कळेल. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या फौजींच्या घरांत सुट्टी मंजूर होण्याची वाट किती जीव टांगून पाहिली जाते ते मी पाहिलेलं आहे. या पानांत यारोस कुणाचं उसनं घेत नाहीत.

आतली ताटातूट मात्र घोळात पडते. तरी तिच्यातही एक चांगलं पुस्तक दडलेलं आहे. नीट पाहिलं तर इथली प्रत्येक झटापट माहितीसाठी आहे. नवारचं राज्य इतिहास कापतं, ग्रंथागारातली पानं गायब करतं. व्हायलेटचा बालमित्र डेन याच्या हातात अशी शक्ती आहे की तो चेहऱ्याला हात लावून दुसऱ्याच्या आठवणी वाचतो. पहिल्या पुस्तकात त्याने तिच्या आठवणी तिला न विचारता वाचल्या आणि त्यातून तिचा मित्र लिअम याचा जीव गेला. झेडन काहीच काढून घेत नाही, पण विचारल्याशिवाय देतही नाही. शिवाय त्याची दुसरी लपवलेली शक्ती म्हणजे माणसांचे इरादे ओळखणं. म्हणजे ही मुलगी तिघांच्या मधे सापडली आहे: एक मिटवणारा, एक हिसकावणारा, एक राखून ठेवणारा. प्रेमात माणसाचा कोणत्या गोष्टीवर हक्क असतो? न विचारता मिळण्याचा असतो का? हा प्रश्न फार चांगला आहे. चीड याची येते की लेखिकेने प्रश्न विचारला, मग पुन्हा तोच विचारला, मग पुन्हा. तो पुढे सरकत नाही, नुसता मोठ्याने विचारला जातो. शहाण्या संपादकाने दोन भांडणं काढून टाकली असती आणि तिसरं राहू दिलं असतं. पण सहा महिन्यांत संपादक तरी काय करणार?

घाई छपाईतही दिसली. पहिल्या आवृत्तीच्या कडांवर रंगीत नक्षी होती, ती संग्राहकांनी झडप घालून नेली. पण काही प्रतींत पानं गळलेली, काहींत उलटी बांधलेली, काहींची कडेची नक्षी सरकलेली. संतापलेल्या वाचकांनी त्याचे फोटो जगभर फिरवले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी 'करमणूक'मधून हरिभाऊ आपट्यांची कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचणाऱ्या आपल्या पणज्यांना पुढच्या अंकाची वाट पाहायची सवय होती आणि लेखकालाही हप्त्यापुरताच श्वास घ्यायचा असे. इथे सहाशे पानांचा हप्ता आहे. एवढा मोठा हप्ता कुणाच्याही फुफ्फुसाला जड जाईल, मग त्या लेखिकेच्या अंगात दुखणं असो वा नसो.

मला सगळ्यात जास्त रस वाटला तो भाषांतराच्या भागात, आणि तो भाग बहुतेक वाचक चाळून पुढे जातात. बंडखोरांच्या शहराला संरक्षक तटबंदी उभारायची आहे, जादूची. ती कशी उभारायची हे फक्त सहाशे वर्षांपूर्वीच्या पहिल्या स्वारांच्या रोजनिशीत आहे आणि ती भाषा आता कोणी बोलत नाही. व्हायलेट ती वाचते. वडिलांनी शिकवलेलं हे एकमेव शस्त्र तिच्याकडे आहे. ती चुकते. जुन्या पोथ्या एकमेकींना छेद देतात, कोणीतरी खोटं लिहून ठेवलेलं आहे. या कामात तिला जेसिनिया नावाची लेखनिक मदत करते. तिला ऐकू येत नाही, दोघी खुणांच्या भाषेत बोलतात. आणि मालिकेच्या अगदी पहिल्या पानावर बारीक अक्षरात म्हटलेलं असतं की हा सारा मजकूर जेसिनियानेच जुन्या भाषेतून आधुनिक भाषेत आणला आहे! म्हणजे आपण वाचतो ती व्हायलेटची गोष्ट नसून तिचं भाषांतर आहे, आणि भाषांतरं चुकतात हे दुसरं पुस्तक आपल्याला शिकवतं. हा पेच पुढे उलगडला तर मी बाईंना दंडवत घालीन.

इथे एक बोचरा योगायोग आहे. ड्रॅगनांची आणि पात्रांची बरीच नावं यारोस यांनी स्कॉटिश गेलिक भाषेतून घेतली आहेत. टेर्नचं पूर्ण नाव टेर्नानाख, म्हणजे गडगडाट. गेलिकमध्ये 'अन दार्ना' म्हणजे दुसरा किंवा दुसरी, आणि अँडार्ना ही व्हायलेटची दुसरी ड्रॅगन. नावं हौसेने निवडलेली आहेत हे उघड आहे. पण २०२३च्या शेवटी एका मुलाखतीत त्यांनी ही नावं उच्चारली आणि गेलिक बोलणारे दुखावले. चुकीचे उच्चार हा एक भाग. आमची मोडकळीला आलेली भाषा तुम्ही दागिन्यासारखी घातलीत पण तिला विचारलं नाहीत, ही खरी तक्रार होती. ज्या पुस्तकात जुन्या भाषेतला एक शब्द चुकीचा लावला म्हणून शहर धोक्यात येतं, त्याच पुस्तकाच्या वाट्याला हे यावं! मला त्यात दुष्टपणाचा आनंद झाला नाही. हिंदी सिनेमात 'काय रे' म्हटलं की मराठी पात्र झालं, असं मानणाऱ्यांच्या देशात आपण राहतो. गेलिकवाल्यांचं दुखणं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

आता आई. जनरल लिलिथ सॉरेनगेल. पहिल्या पुस्तकभर ती बर्फाची लादी आहे. दुर्बळ मुलीला मरणाच्या पट्टीवर ढकलणारी बाई. दुसऱ्यात हळूहळू कळत जातं की तिला वेनिनांबद्दल ठाऊक होतं. बंडखोरांची १०७ पोरं झेडनच्या पाठीवर प्रत्येकी एक याप्रमाणे वळ उठवून जिवंत सोडली गेली, त्या सौद्यात ती होती. त्या बदल्यात त्याच्याकडून तिने एक येणं राखून ठेवलं होतं आणि ते तिने वसूल केलं मुलीसाठी: व्हायलेटला मरू द्यायचं नाही. झेडनने पहिल्या दिवसापासून तिला जपलं ते आधी प्रेमापोटी नव्हतं, उधारी होती! व्हायलेटइतकाच धक्का वाचकालाही बसतो, आणि सगळ्या भांडणांत हे एकच भांडण असं आहे की ज्याला वजन आहे. शेवटी बासगायथची तटबंदी कोसळते, वेनिन दारात येतात. तट पुन्हा उभा करायचा तर त्या दगडात कुणाची तरी सगळी शक्ती, सगळा प्राण ओतावा लागणार. मुलगी पुढे होते. आई तिला बाजूला करते आणि स्वतः हात ठेवते. माफी मागत नाही, फारसं समजावतही नाही. आपल्याकडच्या कडक आयांची मुलं हे वाचताना मनाशी काय काय ताडून पाहतील कोण जाणे.

त्यानंतर आणखी एक धक्का आहेच, कारण मालिकेला तो लागतो. व्हायलेटला वाचवायला झेडन जमिनीतून शक्ती खेचतो. म्हणजे वेनिन होतो. ज्याच्याशी लढायचं तोच आता शेजारी झोपलेला. भांडणाने जे सहाशे पानांत साधलं नाही ते या एका कृतीने साधतं. आता ताटातूट आतली आहे आणि खोटी नाही. नायक नासला, आणि नासला तो प्रेमापायी. माझ्या मते पुस्तक इथे सुरू व्हायला हवं होतं.

तिसरं 'ऑनिक्स स्टॉर्म' २१ जानेवारी २०२५ला आलं, म्हणजे चौदा महिन्यांनी. पहिल्याच आठवड्यात २७ लाख प्रती. प्रौढांसाठीची कादंबरी गेल्या वीस वर्षांत एवढ्या वेगाने खपली नव्हती, असं 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं. दुसऱ्यावर नाकं मुरडणाऱ्या त्या चौघी पहिल्याच दिवशी घेणाऱ्यांत होत्या. भाचीही. मी तिला विचारलं, दुसरं आवडलं नव्हतं ना? म्हणाली, "घरच्यांवर चिडतो म्हणून घर सोडतो का आपण?"

माझा निकाल असा. 'फोर्थ विंग' हे चांगलं बांधलेलं, आटोपशीर, लबाड पुस्तक आहे. 'आयर्न फ्लेम' फुगलेलं, विस्कळीत आणि काही जागी पहिल्यापेक्षा खोल आहे. दीडशे पानं कमी आणि सहा महिने जास्त मिळते तर ते त्याहून सरस ठरलं असतं. नव्याने वाचणाऱ्यांनी दोन्ही लागोपाठ वाचावीत, कारण दुसरं पुस्तक मागची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. फुटपाथवरची प्रत घेऊ नका, माझ्या एका मैत्रिणीच्या प्रतीत शेवटची सोळा पानं नव्हती. आणि कॅटच्या आगमनाला कंटाळून ज्यांनी पुस्तक मधेच मिटून ठेवलं असेल, त्यांनी ते पुन्हा उघडून निदान जनरलबाईंच्या शेवटच्या प्रकरणापर्यंत यावं, एवढी विनंती आहे.